सौंदडीची बहीण

आमच्या मास्तरांना घरातलं मीठ संपलेलं दिसत नाही, पण फुलात केसर किती, ते बरोबर दिसतं. रोहिणखेडच्या शाळेत आमची बदली झाली त्या वर्षी भाद्रपदात त्यांनी माझी गोधडीची सुई पळवली आणि दारात उजेडाला बसून एक पिवळट तुरा टोकरायला लागले.

तुरा होता नाल्याकाठच्या विलायती बाभळीचा. तिचं बी म्हणे दक्षिण अमेरिकेच्या रानातलं. काठाची माती धरावी म्हणून सरकारनं नागपूरहून आणवून टाकलं होतं. बरंच टाकलं, उगवलं एकच, तेही अमीरबीच्या दारासमोर.

अमीरबी आमची शेजारीण. नवरा गेलेला, शेळ्यांच्या दुधावर पोट. वैशाखात रानात हिरवं पान उरत नाही, तेव्हा त्या झाडाच्या गोड शेंगांवर तिच्या शेळ्या तगायच्या. आणि निवृत्ती पाटलांनी नेमकं तेच झाड तोडायचं ठरवलं होतं, कारण त्याचा काटा त्यांच्या बैलाच्या खुरात गेला होता. जागा गावठाणाची, त्यामुळे अमीरबीला बोलायला तोंड नव्हतं.

"मास्तर, पाटलाले सांगा ना काही. शेळ्या मरतीन माह्या," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"बघू," म्हणून हे फूल घेऊन बसले! मला असा संताप आला. बाई रडते आहे आणि यांचं आपलं केसर मोजणं चाललंय.

"अगं, ही बाभूळ नव्हेच," मास्तर म्हणाले. "बाभळीचं फूल गोल गोंड्यासारखं, त्यात केसर मोजता येऊ नयेत इतके. इथे लांबट तुरा आणि एकेका फुलात केसर दहाच. शेंग पिकली तरी उकलत नाही, आत गोड गर. आपल्या सौंदडीचं, म्हणजे शमीचंही असंच. ही सौंदडीच्या कुळातली, बहीणच म्हण."

सौंदड म्हटल्यावर मी कान टवकारले. गाव दसऱ्याला ज्या सौंदडीची पूजा करायचं, ती वाळवीनं खाल्ली होती. मागच्या वर्षी पाटलांना शेजारच्या गावच्या सौंदडीपुढे हात जोडावे लागले होते, आणि ते त्यांना फार झोंबलं होतं. सौंदडीला कुऱ्हाड लावणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचाय.

"मग उठा, पाटलांना सांगून या."

"पण बहीण म्हणजे सौंदड नव्हे. जात निराळी, मुलूख निराळा..."

"ते मागाहून सांगा!"

मास्तर गेले. पाटलांनी "सौंदडीची" एवढंच ऐकलं, आणि यांचं व्याख्यान संपायच्या आत कुऱ्हाडवाल्या गड्याला माघारी बोलावलं.

दसऱ्याला सगळं गाव वाजतगाजत नाल्यावर आलं. पूजा झाली आणि सोनं लुटायला जी झुंबड उडाली, ती विचारू नका. डहाळ्या गेल्या, तुरे गेले, कोवळ्या शेंगा गेल्या. झाडाचा नुसता खराटा झाला.

"अहो, ही सौंदड नव्हे!" मास्तर ओरडायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"गप्प बसा. सौंदड नव्हे म्हणालात, तर उद्या कुऱ्हाड येईल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अमीरबी दारात उभी होती. मला तिच्याकडे बघवेना. वाचवायला गेलो आणि आम्हीच तिचं झाड लुटवलं, याची मला लाज वाटली.

एवढ्यात पाटील तिच्या दाराशी गेले आणि त्यांनी हातातली डहाळी पुढे केली. "घे वो अमीरबी, सोनं घे. सोन्यासारखी राह्य."

तिनं हात पुढे केला नाही. "माह्या दारातलं झाड लुटून मलेच सोनं देता काय, पाटील?"

लोक हसले. पाटील ओशाळले. सणाचा दिवस, हातात सोनं, समोर सारं गाव.

"तुहंच हाय बाप्पा झाड," ते म्हणाले. "आमाले फक्त दसऱ्याचा दिवस देत जाय."

"हाव, देला. बाकीचं वरीस माह्या शेळ्यांचं. सारे आयकून राह्यले ना?" असं म्हणून मगच तिनं डहाळी घेतली.

वैशाखापर्यंत झाड दुप्पट फुटलं. शेंगा पडायला लागल्या तेव्हा पाटलांनी बैलांची वाट बदलली, झाडाला हात लावला नाही.

मास्तर अजून म्हणतात, गावाला एकदा नीट समजावून सांगायला हवं. मी सुया लपवून ठेवल्यात.