ग्रहणातली काकडी

“मावशी, बाळाला काचेच्या पेटीत किती दिवस ठेवलं होतं?”

माधवीचा प्रश्न नंदाबाईला धुक्यातून आल्यासारखा वाटला. विसापूर किल्ल्यावरचं धुकं मळवलीच्या एका बंगल्याच्या ओट्यापर्यंत उतरलं होतं. बंगला सांभाळणारी नंदाबाई ओट्यावर भेंड्या हाताने मोडत बसली होती. येणाऱ्या पाहुण्यांना ही गावाकडची रीत वाटे. खरं तर मुलगा आदिनाथ पोटात असताना, ग्रहण पाळायचं सोडून तिने चोरून एक काकडी चिरून खाल्ली होती. पोर सातव्या महिन्यात झालं. जगलं, पण डोळ्यांत उजेड उतरलाच नाही. सासूला काकडीचं कळलं होतं; तिने त्यालाच दोष दिला, आणि नंदाबाईने विळी कायमची सोडली. कांदासुद्धा तिचा नवरा, महिपती, चिरून देई. बाई हट्टाची!

“दीड म्हैना. नळीनं हवा देत व्हते,” ती म्हणाली.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांची नजर का जाते, याचा शोध घेणाऱ्या डॉक्टरांसाठी माहिती गोळा करायला माधवी तळेगावहून आली होती. तिने वजन विचारलं, ताप विचारला, ऑक्सिजनचं तर खोदून खोदून विचारलं. नंदाबाई मात्र एकाच प्रश्नाची वाट बघत होती. माधवी उठू लागली तशी तिला राहवेना.

“ताई, गिराणाचं इचारलंच न्हाई तुमी. गिराणात काकडी चिरली मी. त्यानंच गेलं न्हवं डोळं?”

माधवी पुन्हा खाली बसली. “नाही हो मावशी. ग्रहणाचा काही संबंध नाही. एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा कोवळा असतो. ऑक्सिजन जास्त झाला, की त्यावर नको तशा शिरा वाढतात. तेव्हा तो मोजून द्यायची सोय सगळीकडे नव्हती.”

“म्हंजी त्या हवेनं?”

“तेही एक कारण. पण त्याच हवेने तो जगलाही.”

नंदाबाईने मोडलेल्या भेंड्या गोळा केल्या. सासूला जाऊनही वर्षं लोटली होती. काकडीचा दोष नव्हता, हे आता सांगणार तरी कुणाला?

माधवी गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. महिपतीची विळी मांडून तिने पाटावर पाय ठेवला, काकडी घेतली. पहिली फोड वाकडीतिकडी निघाली.

पावलांवरून माणूस ओळखणारा आदिनाथ विळीचा अनोळखी आवाज ऐकून दारातच गोंधळला. “आई, कोन आलंय गं? इळीवर कोन बसलंय?”

“मीच हाय रं,” म्हणताना तिला रडू कोसळलं. तो चाचपत जवळ बसला. तिने ती वाकडी फोड त्याच्या तळहातावर ठेवली.

“मीठ लावू का?” तिने विचारलं.