न सांगितलेलं घर

लितियाचे दिवस भरत आले, तसं गावातल्या सगळ्या गरोदर बायांप्रमाणे तिलाही बाळंतपणासाठी विमानानं इकालुइतच्या मोठ्या इस्पितळात धाडलं, आणि दवाखान्यात दुभाष्याची जागा रिकामी झाली. ती परत येईपर्यंत उलायूनं काम सांभाळायचं ठरलं. उलायूला गावची भाषा आणि इंग्रजी दोन्ही येत होत्या, गुडघ्यांमुळे बर्फावरची कामं सुटली होती, आणि नवरा कौताक चार वर्षांपूर्वी समुद्रावरच्या कोवळ्या बर्फातून स्लेजसकट बुडाल्यापासून तिला घर खायला उठत होतं. पहिल्याच दिवशी तिच्याकडून वचन घेतलं: बोललं जाईल ते सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि इथलं इथंच ठेवायचं.

नर्स ब्रेंडाही न्यूफाउंडलंडहून थोड्या दिवसांसाठीच आलेली. हाताला हलकी, बोलायला मोकळी. "आपण दोघीही उसन्या," ती उलायूला म्हणाली होती.

सुरुवातीला मजा वाटली. म्हातारा सिमिऊनी साखर बंद झाल्याचं ऐकून म्हणाला, "तुझ्या तोंडून ऐकतोय म्हणून गोड मानून घेतो." पण हळूहळू दुकानात उलायू शिरली की बायकांची बोलणी थांबू लागली. "आली बाई दवाखान्याची. आता खोकायचं सुद्धा चोरून," कुणीतरी म्हणालं. हसले सगळे. उलायूही हसली, पण पीठ घ्यायचं विसरून घरी आली.

मग एक दिवस मिआली आली. मिआली तिची लहानपणापासूनची मैत्रीण, शेजारीण. अख्खा हिवाळा खोकत होती. थुंकीच्या तपासणीचा निकाल येऊन पडला होता आणि ब्रेंडानं सांगितलेलं उलायूला तिच्याच तोंडावर सांगावं लागलं. क्षय. गोळ्या रोज, कुणाच्या तरी समोर गिळायच्या, आणि काही दिवस घराबाहेर पडायचं नाही.

मिआली ऐकत राहिली. ती चार वर्षांची असताना ह्याच रोगापायी तिच्या आईला जहाजावर चढवून दक्षिणेला नेलं होतं. आई परतली नाही. कुठं पुरली तेही कुणाला कळलं नाही.

"कुणाकुणाच्या घरी जाऊन बसता, विचारा त्यांना," ब्रेंडा म्हणाली. "सगळ्यांना तपासायला हवं. लहान मुलांना आधी."

मिआलीनं सांगायला सुरुवात केली. उलायूचं घर, पत्ते कुटायला सिमिऊनीचं घर, चर्च. आणि त्याच आवाजात, जणू आणखी एक घर सांगतेय अशी, ती म्हणाली, "निव्हीच्या घराचं हिला बोलू नकोस. तान्ह्याला मांडीवर घेऊनच बसलेली असते मी. त्याला नेतील गं."

"काय म्हणाल्या?" ब्रेंडानं विचारलं.

"थकवा येतो म्हणतेय," ती म्हणाली.

निव्ही ही मिआलीची मुलगी. तिला शरदात मुलगा झाला, तेव्हा त्याला कौताकचंच नाव दिलं होतं. नाव आलं की माणूस आला. त्यामुळे चार महिन्यांचं ते पोर उलायूचा नवराच होतं. "आमचे हे दूध प्यायले का?" असं ती सगळ्यांदेखत विचारायची, आणि निव्ही म्हणायची, "प्यायले, आणि तुझ्या नावानं ढेकरही दिला."

दोन दिवस उलायू निव्हीकडे गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना. निव्ही पोराला आपल्या अंगरख्याच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बसवून पिठाची जाड भाकरी तेलात तळत होती.

"बायको आली बघ तुझी," ती पोराला म्हणाली आणि त्याला काढून उलायूच्या हाती दिलं. "नीट पीत नाहीये गं. खोकतोही आहे. आई पण फिरकली नाही. सर्दी झालीय म्हणते."

पोराचं कपाळ गरम होतं. उलायूनं त्याला छातीशी धरलं. निव्हीला काही सांगावं तर इथलं इथंच ठेवायचं वचन आड येत होतं. आणि सगळं सांगायचं वचन तर तिनं तीन दिवसांपूर्वीच मोडलं होतं. चहा न घेताच ती उठली आणि थेट मिआलीकडे गेली.

मिआली तोंडाला मास्क लावून खिडकीशी बसली होती. उलायू ओसरीतच थांबली.

"पोराला ताप आहे. खोकतंय."

"पोरं खोकतातच."

"तू सांग ब्रेंडाला. नाहीतर मी सांगते."

"तुला काय जातंय सांगायला?" मिआली म्हणाली. "तुझ्या घरातलं कुणी नाही नेलं त्यांनी. मी किनाऱ्यावर उभी होते. आई म्हणाली, लगेच येते."

"आता जहाज नाही, मिआली. निव्ही जाईल त्याच्याबरोबर."

"सांगितलंस तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस."

"एकदा गेलाय तो माझ्या हातचा," उलायू म्हणाली, "पुन्हा नाही जाऊ देणार." ती दवाखान्याकडे निघाली. वारा तोंडावर येत होता, आणि मिआली म्हणते तेच खरं निघालं, नेलं आणि परत आलंच नाही तर, हा विचार काही केल्या मागं पडेना.

तिनं ब्रेंडाला सगळं सांगितलं. "थकवा येतो असं ती म्हणालीच नव्हती," हेही सांगितलं.

ब्रेंडा ओरडली नाही. "तुम्ही सांगता त्यावरच मी चालते, उलायू," ती म्हणाली. "मला इथं दुसरे कान नाहीत."

"काढून टाका मला."

"नंतर बघू. आधी माझ्याबरोबर चला. त्या आईला हे कोण सांगणार?"

निव्हीला उलायूनंच सांगितलं. शब्दाला शब्द. ऐकता ऐकता निव्हीचे डोळे ब्रेंडावरून उलायूवर वळले. "तुला कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं. हा प्रश्न ब्रेंडासाठी नव्हता, पण उलायूनं तोही तिला इंग्रजीत सांगितला. मग उत्तर दिलं.

पोराला इकालुइतला न्यायचं ठरलं, पण वादळामुळे विमान एक दिवस अडलं. तेवढ्या वेळात पोराला धाप लागली. ब्रेंडा त्याच्या उशाशीच बसून राहिली. निव्ही त्याला घेऊन विमानात चढली तेव्हा मिआली धावपट्टीच्या पार टोकाला, मास्क लावून, एकटीच उभी होती. उलायू दोन पावलं तिच्याकडे गेली. मिआलीनं पाठ फिरवली.

रोग पोराच्या छातीत शिरला होता, पण मेंदूपर्यंत पोचला नव्हता. औषध लागू पडलं. इकालुइतहून फोन आला तेव्हा ब्रेंडानं उलायूला घट्ट धरलं. उलायूला काढायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. पुढच्याच आठवड्यात ब्रेंडाची मुदत संपली आणि दुसरी नर्स आली. मिआली गोळ्या गिळायला यायची, पण उलायूला खोलीत येऊ द्यायची नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःच नर्सशी झगडायची, आणि बाहेर बसलेल्या उलायूला तिच्या चुका ऐकू यायच्या.

उन्हाळा येऊन सूर्य मावळायचा बंद झाला त्या सुमारास लितिया आपलं बाळ घेऊन परतली आणि उलायूचं काम सुटलं. थोड्याच दिवसांनी निव्हीही आली. पोर गुबगुबीत झालं होतं. धावपट्टीवरच उलायूनं हात पुढं केले, तर ते किंचाळून रडलं. तिला ओळखतच नव्हतं. मिआलीनं पुढं होऊन त्याला घेतलं आणि कुणाकडेही न बघता निव्हीच्या घराची वाट धरली.

निव्ही थकली होती. तिची बॅग उलायूनं उचलली. दोघी चालत घरापर्यंत आल्या. आतून मिआलीचा आवाज येत होता, पोराशी चाललेला. उलायूनं बॅग ओसरीत ठेवली.

"आत ये, चहा घे," निव्ही म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आग्रहही नव्हता.

"उद्या येईन," उलायू म्हणाली.