एका कोयत्याचा एक फॉर्म

सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मंजुषा सानप हिचा सरपंचपदाचा अर्ज तहसील कचेरीच्या खिडकीतून परत आला. मुदत तीनपर्यंत होती.

"ताई, गावच्या मतदार यादीत तुमचं नाव नाही," कारकून म्हणाला. "कर्नाटकात नोंद झाली, म्हणून इथलं कमी केलंय."

मंजुषा आदल्या रात्री कर्नाटकातूनच आली होती. ऊसतोड अर्ध्यावर सोडून, नवरा उत्तरेश्वर आणि मुकादम गहिनीनाथ यांच्यासोबत. मुलांना हंगामात गावातच ठेवणारे वसतिगृह तीन वर्षे ग्रामपंचायतीच्या ठरावात पडून होते. ते सुरू करायला तिला सरपंच व्हायचे होते. पुढच्या वर्षी मुलीची, ऋतुजाची, दहावी. ऋतुजा आत्ताही फडावर होती.

"मी कवा नोंद केली?" मंजुषाने विचारले.

गहिनीनाथ खाली बघत म्हणाला, "वहिनी, गेल्या साली एक माणूस फडावर आलता. नाव नोंदवा, कार्ड मिळंल म्हणला. मी कोयत्यामागं एक फॉर्म भरला."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. गहिनीनाथची सारी टोळी अशीच मोजलेली. त्या दिवशी उत्तरेश्वर ट्रकसोबत कारखान्यावर होता, म्हणून त्यांच्या कोयत्याच्या फॉर्मवर सही मंजुषाची.

"म्हंजी माझं नाव इथं हाय?" उत्तरेश्वर म्हणाला.

कारकुनाने यादी पाहिली. "तुमचं आहे. पण जागा महिलेची आहे."

"मग नेसा माझी साडी अन् भरा अर्ज," मंजुषा नवऱ्याला म्हणाली.

"आमची हरकत तरी लिहून घ्या की, साहेब," गहिनीनाथ म्हणाला.

"हरकतींची मुदत मागच्या मंगळवारी संपली. तरी देऊन ठेवा."

समोरच्या हॉटेलात टीव्ही चालू होता. दिल्लीतले सत्ताधारी प्रवक्ते सांगत होते, एकही पात्र मतदार वगळलेला नाही. विरोधी प्रवक्ते सांगत होते, लाखो वगळलेत. मंजुषा तिथेच बाकावर बसून हरकत लिहीत असताना दोन्ही पक्षांचे तालुक्यातले कार्यकर्ते आले. एकाने तिचा व्हिडिओ काढला: दुबार नावे कशी सापडतात, त्याचा पुरावा. दुसऱ्याने काढला: मते कशी चोरली जातात, त्याचा पुरावा. दुसऱ्याने तिला पदर डोक्यावर घ्यायला सांगितले.

"भाऊ, तीन वाजायला पाच मिनटं हायत. आत कुणाला तरी बोला की," मंजुषा म्हणाली.

"वरपर्यंत पोचवतो, ताई," दोघेही म्हणाले.

तीन वाजता खिडकी बंद झाली. हरकतीची पोच मिळाली. संध्याकाळी गहिनीनाथची जीप तिघांना घेऊन फडाकडे निघाली.

बुधवारी दुपारपर्यंत एक व्हिडिओ चाळीस हजार आणि दुसरा बावन्न हजार लोकांनी पाहिला होता. गावातून सरपंचपदासाठी एकच अर्ज आहे, मावळत्या सरपंचांच्या सुनेचा. मंजुषाच्या हरकतीपुढे "विचाराधीन" असा शेरा आहे. सुनावणीची तारीख कळवलेली नाही.