आजीची उजवी बाजू

लग्नात रडणाऱ्या माणसांचे फोटो मी अठ्ठावीस वर्षं काढतो आहे, पण मला स्वतःला लग्नात कधी भरून आलेलं नाही. बायको म्हणते, तुम्ही दगड आहात. असेन. पण इतकी कुटुंबं ओळीने उभी केल्यावर माणसाला थोडंफार कळायला लागतं. कोणत्या आत्याला पहिल्या रांगेतच जागा हवी असते, कोणत्या दोन जावा शेजारी आल्या की दोघींचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे होतात, हे मला न सांगता दिसतं. नवीन जावयाला मी शक्यतो कडेला उभा करतो. दोन वर्षांनी कोणीतरी येऊन विचारतंच, ‘हा एवढा काढून टाकता येईल का?’ कडेचा माणूस काढायला सोपा जातो. मधला काढायचा म्हणजे डोकेदुखी.

हे मी कोणाला बोलून दाखवत नाही. घरोघरी हिंडणाऱ्या माणसाने डोळे उघडे ठेवावेत आणि कानावर पडेल ते तिथेच सोडून यावं, असा माझा नियम आहे. त्या नियमाचा मला बराच अभिमानही होता.

ती मुलगी लग्नाच्या महिनाभर आधी स्टुडिओत आली. कोणते फोटो हवेत याची यादी घेऊन नवऱ्या मुली येतातच. हिच्या यादीत एकच ओळ होती.

“आजीचा फोटो,” ती म्हणाली. “बाबा आणि काका दोघंही तिच्याबरोबर, एकाच फोटोत. ती ब्याऐंशीची आहे. माझ्या लग्नात तिला तेवढंच हवंय. साडी नको म्हणाली, काही नको म्हणाली.”

“मग काढू की. त्यात काय एवढं?”

“बाबा आणि काका नऊ वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.”

आजोबांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं, यावरून काहीतरी झालं होतं. पुढे त्याच घरातल्या तीन माणसांनी मला ते तीन तऱ्हांनी सांगितलं, म्हणून मी ते इथे सांगत नाही. आजी थोरल्याकडे, म्हणजे या मुलीच्या वडिलांकडे राहायची. धाकटा तिला भेटायला यायचा तो थोरला कामावर गेल्यावर, आणि तो परतायच्या आत निघून जायचा.

“बाबांनीच मार्ग काढलाय,” मुलगी म्हणाली. “आधी ते आजीबरोबर फोटो काढून जातील. मग काका येतील. तुम्ही नंतर जोडा. जोडता येतं ना?”

जोडता येतं. हल्ली काय वाटेल ते करता येतं. परदेशातला भाऊ आणून उभा करता येतो, गेलेले वडील आणता येतात. मी हो म्हणालो.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या मागच्या एका खोलीत मी स्टँड लावला. खिडकीला पांढरा पडदा होता, उजेड छान येत होता. आजीला हाताची खुर्ची दिली आणि जमिनीवर चिकटपट्टी लावून खुर्चीची जागा पक्की केली. कॅमेरा हलायचा नाही, आजी हलायची नाही, मुलं तेवढी बदलायची. आजी काटक होती. मी बोलायला लागलो की माझ्याकडे एकटक बघायची. म्हातारी माणसं बघतात तशी, असं मला वाटलं.

थोरला आला. कोटात घामाघूम झालेला, मुलीच्या लग्नात बाप दिसतो तसाच. “साहेब, आईच्या डाव्या हाताला उभे राहा,” मी म्हणालो. त्याने ऐकलं आणि सरळ उजव्या हाताला जाऊन उभा राहिला. तिच्या खांद्यावर हात ठेवला, वाकला आणि कानाशी काहीतरी बोलला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कानात बोलणाऱ्याला वाटतं की आपण कुजबुजतोय. प्रत्यक्षात अख्ख्या खोलीला ऐकू जातं. आजीने हसून मान हलवली. मी बटण दाबलं. असू दे, म्हटलं, धाकट्याला डावीकडे घेऊ.

थोरला गेला आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या दाराने धाकटा आला. त्यालाही सांगितलं, डावीकडे. तोही उजवीकडेच गेला. तोच खांदा, तसाच वाकला, तसाच मोठ्याने कुजबुजला. आजीने तशीच मान हलवली. तेवढ्यात हॉलमधून वराकडचे लोक माझ्या नावाने शंख करायला लागले. मी फोटो काढला आणि पळालो. बघू कॉम्प्युटरवर, असा विचार केला. कॉम्प्युटर आल्यापासून आमचा आळस फार वाढला आहे.

आठवड्याने फोटो उघडले आणि मी कपाळावर हात मारला. दोन भाऊ एकाच जागेवर उभे होते, इंचाचाही फरक नव्हता. एकावर एक ठेवले तर मागच्याचा नुसता कान दिसला असता.

मग मी धाकट्याला आरशात दिसतो तसा उलटा केला आणि आईच्या डाव्या बाजूला लावला. त्याचा भांग दुसरीकडे गेला, तो परत फिरवला. शर्टाचा खिसा उजवीकडे गेला, तो डावीकडे आणला. मनगटावरचं घड्याळ हलवलं. दोन दिवस गेले, पण काम असं झालं की मलाच माझं कौतुक वाटलं. थोरल्याची प्रत त्याला दिली. तो बराच वेळ बघत राहिला आणि “बरा झालाय” एवढंच म्हणाला. धाकट्याची प्रत पाठवून दिली. आजीची मोठी होती, ती फ्रेमवाल्याकडे जायची होती.

तिसऱ्या दिवशी धाकटा स्टुडिओत आला. त्याने फोटो काउंटरवर पालथा ठेवला.

“मी त्या बाजूला उभा नव्हतो.”

मी अडचण सांगितली. दोघं एकाच जागी आले होते, कोणीतरी हलणं भागच होतं.

“आईचा डावा कान तिच्या लहानपणापासून गेलाय,” तो म्हणाला. “आमच्या घरात तिच्या डावीकडे कोणी उभं राहत नाही. उजव्या कानापाशी जागा मिळावी म्हणून आम्ही लहानपणी मारामाऱ्या केल्यात. आणि तुम्ही ती जागा त्याला देऊन टाकलीत.”

“मला माहीत नव्हतं हो.”

“तुम्हाला कुठून माहीत असणार?” त्याचा राग उतरला आणि तो स्टुलावर बसला. “गेली दोन वर्षं मी आईजवळ त्याच्यासाठी निरोप ठेवतोय. ती हो म्हणते, हसते. त्याच्याकडून काही येत नाही. आता लग्नाला बोलावलं, तर वाटलं, काहीतरी बदललं असेल. त्या दिवशीही निरोप दिला. तरी काही नाही. मग कळलं मला. तिच्या कानाशी तोच बसलाय, माझं पुढे जाईलच कसं?”

तो फोटो न घेताच निघून गेला. जाताना म्हणाला, “आता मी त्या घरी जात नाही. आईला तसं कळवा म्हणजे झालं.”

मला चैन पडेना. त्या रविवारी मी दुसरा फोटो बनवला, त्यात थोरल्याला उलटा करून डावीकडे टाकला. दोन्ही जोडलेले फोटो आणि मूळचे दोन सुटे असे चार पाकिटात घातले आणि सोमवारी आजीला भेटायला गेलो. यातला कोणता हवा ते तिनेच ठरवावं.

थोरला कामावर होता. सुनेने दार उघडलं, पाणी दिलं आणि ती आत गेली. आजी खिडकीशी बसली होती.

“समोर बस,” ती म्हणाली. “उजेडात.”

मी पहिला जोडलेला फोटो दिला. तिने तो लांब धरला, जवळ घेतला. “धाकटा इकडे कसा आला? हा कधीच इकडे उभा राहत नाही.” दुसरा दिला. “आणि इथे हा. काय रे, तुला माझी मुलं कळली नाहीत वाटतं?” ती हसली.

मग तिने पाकिटातले सुटे फोटो स्वतःच काढले आणि मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. मी खाली वाकून बाकीचे फोटो गोळा करत म्हणालो, “आजी, दोघांनाही ऐकू येणाऱ्या कानाचीच बाजू हवी होती, त्यामुळे सगळा घोळ झाला.”

ती काहीच बोलली नाही. मी पुन्हा म्हणालो. तरी काही नाही. मी मान वर केली तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती.

“वर बघून बोल,” ती म्हणाली. “खाली बघून बोललास तर मला कळत नाही.”

मला कळायला एक क्षण लागला. “उजवा कानसुद्धा?”

“अडीच वर्षं झाली.” तिने आतल्या दाराकडे बघून आवाज बारीक केला. “समोरच्याचे ओठ दिसले की भागतं माझं. घरात कोणाला माहीत नाही. सांगू नकोस.”

“का पण? मशीन मिळतं कानाचं.”

“डाव्याला मागे एकदा लावून बघितलं होतं, काही उपयोग झाला नाही. आणि मुलं वाकून बोलतात रे माझ्याशी. खांद्यावर हात ठेवतात, गाल टेकतो माझ्या गालाला. पन्नाशीचे झाले, दुसऱ्या कशासाठी ते आता आईच्या एवढ्या जवळ येतात? ऐकू येत नाही म्हटलं की लांबून कागदावर लिहून दाखवतील.”

मग तिने फोटोंवर बोट ठेवलं. “तोंड कानाशी असलं की ओठ दिसत नाहीत. मी आपली मान हलवते, हो म्हणते. तू समोर होतास. काय म्हणत होते हे?”

मला दोन्ही वाक्यं शब्दन् शब्द आठवत होती. त्या दिवशी मी ती दोन्ही दारांनी आत-बाहेर जाणाऱ्या दोन माणसांकडून ऐकली होती, आणि मला काय त्याचं, म्हणून हॉलमध्ये निघून गेलो होतो. धाकटा स्टुडिओत आला तेव्हाही नियम म्हणून मी ती बोललो नव्हतो. आता मला त्याची लाज वाटली. मी तोंड उजेडात धरलं आणि हळू बोललो.

“थोरले म्हणाले, ‘आई, त्याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस. आणि विचार त्याला, माझ्यावरचा राग गेला का.’”

तिची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही.

“आणि धाकटे म्हणाले, ‘दादा किती बारीक झालाय. बरा आहे ना? मी घरी येऊ का, विचार त्याला. मागेही तुला सांगितलं होतं.’”

“मागेही?” ती म्हणाली.

“दोन वर्षं निरोप देतायत, असं म्हणाले मला. उत्तर आलं नाही म्हणाले. आता इथे येणार नाहीत.”

तिने दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले. माणूस रडणार असला की मला आधी कळतं. ती रडली नाही. तिचा हात उजव्या कानाशी गेला आणि तिथेच राहिला. आत सून भांडी लावत होती, तो आवाज फक्त मला येत होता.

“तुझ्याकडे फोन आहे ना?” तिने विचारलं. “दोघांनाही लाव.”

“काय सांगू?”

“सांग, आईला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी नाही.” तिने कानावरचा हात खाली घेतला. “म्हणावं, तुमचे निरोप पोचलेच नाहीत.”