उन्हाचा वास

हॉस्पिटलची लॉन्ड्री तळघरात होती. तिथं दिवस उगवायचा तो ट्यूबलाइटच्या बटणानं. भिंगरी तिथंच वाढली. आई चादरींना इस्त्री करायची आणि लेक कपड्यांच्या रिकाम्या टोपलीत बसून गावंच्या गावं फिरून यायची. आता ती त्याच इमारतीत वर, रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात होती.

वॉर्डातल्या कुणीतरी आईच्या कानावर घातलं, ऊन न मिळालेल्या मुलांना हा आजार होतो. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिनं डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"बाई, तळघरानं केलं का हो हे?"

डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी बाकावर टेकल्या. "ऊन कमी असलेल्या मुलखांत हा आजार थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यास म्हणतात. काही म्हणतात, तसं नाही. पण मुलखाचं माप एका पोरीला लावता येत नाही. हिला कशानं झालं, ते मलाही सांगता येणार नाही."

"मग आता रोज गच्चीवर नेते तिला. राहिलेलं सगळं ऊन देते."

"आत्ता नको. या औषधांवर ऊन सोसत नाही, कातडी भाजून निघेल. बरी होऊ दे, मग न्या."

ऊन दारात उभं होतं तेव्हा आईला सवड नव्हती. आता सवड काढली, तर उन्हालाच बंदी.

भिंगरीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग तूच ऊन आण ना इथं. चादरीत गुंडाळून."

सुट्टीच्या दिवशी आईनं धुतलेली चादर गच्चीवरच्या दोरीवर टाकली. कबुतरं हाकलत दिवसभर राखण करत बसली आणि गुणगुणत राहिली,

*उन्हा रे भाऊराया, बस माझ्या उंबऱ्याशी,*
*लेक माझी सावलीची, बोल दोन शब्द तिच्याशी.*

उन्हं कलल्यावर चादर छातीशी धरून ती वॉर्डाच्या दारात आली. सिस्टरनं हात आडवा घातला.

"ताई, बाहेर वाळलेलं कापड कडक इस्त्रीशिवाय आत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं?"

खरंच होतं. ती तळघरात उतरली आणि स्वतःच्याच हातानं इस्त्री फिरवली. वाफ निघाली, तिच्याबरोबर गच्चीही निघून गेली.

भिंगरीनं चादर हुंगली. "ही तर रोजचीच."

"इस्त्रीनं खाल्लं गं सगळं."

"भारी खादाड आहे तुझी इस्त्री."

आई हसली. पांघरूण नीट करायला वाकली, तशी भिंगरीनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि मानेत नाक खुपसलं. मान अजून कोमट होती. केसांत अख्खी दुपार अडकली होती.

"आई," ती तिथूनच पुटपुटली, "चादरीऐवजी तूच वाळलीस की."

आई उठायला गेली.

"हलू नकोस ना."

कंबर भरून आली, तरी आई तशीच वाकून राहिली.