लेफ्ट बॅकची जागा

मास्तर शाळेत खेळ शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी सामन्यांना रेफरी म्हणून उभे राहायचे. नोकरी संपली तरी नाव मास्तरच राहिलं. त्यांच्या शिट्टीचा गावात दबदबा होता. सख्ख्या पुतण्याला त्यांनी एकदा ऐन अंतिम सामन्यात लाल कार्ड दाखवून बाहेर घालवलं आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला जाऊन बसले. पुतण्या धुमसत होता. त्याचे वडील, म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ दादा, त्याला एवढंच म्हणाले, "काकाने शिट्टी मारली ना? मग विषय संपला. भाजी वाढ त्याला."

त्यामुळे क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली आणि आजवरच्या सगळ्या खेळाडूंमधून सर्वोत्तम अकरा निवडायचं ठरलं, तेव्हा निवड समितीचा प्रमुख म्हणून कुणी दुसरं नावच घेतलं नाही. मास्तरांबरोबर आणखी दोघं होती. एक चष्मेवाला, म्हणजे चौकात चष्म्यांचं दुकान चालवणारा क्लबचा जुना गोलकीपर. दुसऱ्या होत्या बाई. त्या मुलींच्या संघाला शिकवत आणि बोलताना कुणाची भीडभाड ठेवत नसत.

दादा याच क्लबचे लेफ्ट बॅक. मैदानावर सगळे त्यांना 'खिळा' म्हणत, कारण समोरच्या विंगरला ते असे ठोकून धरत की बिचाऱ्याला सामना संपेपर्यंत जागचं हलता येत नसे. गोल मारणं त्यांच्या नशिबात नव्हतं आणि फोटोत पुढच्या रांगेत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढे त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त करण्याचं काम धरलं आणि त्यातच केस पांढरे केले.

बैठकीच्या आदल्या दिवशी मास्तर केस कापायला गेले. गळ्याभोवती कापड, मान खाली, अशा अवस्थेत मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काय मास्तर, उद्या संघ ठरतोय म्हणे. दहाच निवडायचेत ना? खिळा तर घरचाच!"

दुकानात हशा पिकला. न्हावी कात्री थांबवून हसला. मास्तरही हसले, पण वरवर. कापलेला केस कॉलरमध्ये राहून जावा तसं ते वाक्य त्यांना दिवसभर टोचत राहिलं.

बैठक क्लबच्या वरच्या खोलीत झाली. गोलकीपरची जागा आली तेव्हा चष्मेवाला उठला. "माझं नाव निघेल किंवा निघणार नाही, पण माझ्या तोंडावर नको," असं म्हणून तो जिन्यात जाऊन उभा राहिला. तो निवडला गेला. मग लेफ्ट बॅकची जागा आली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "आता भावाचा प्रश्न आहे. तुम्हीही जिन्यात जा. आम्ही अध्यक्षांना बोलावून घेतो."

"काही गरज नाही," मास्तर म्हणाले. "मी आजवर कधी जिन्यात गेलो नाही."

चष्मेवाल्याने खिळ्याचं नाव घेतलं. "मी गोलमध्ये उभा असायचो तेव्हा डावीकडे बघायचोच नाही. मान दुखायची ती फक्त उजवीकडे बघून." बाईंनी बेकरीवाल्याचं नाव घेतलं. तोही लेफ्ट बॅक, दादांच्या नंतरचा. वाऱ्यासारखा पळायचा, पुढे जाऊन गोलही मारायचा. त्याचा खेळ पाहूनच बाई लहानपणी फुटबॉलच्या नादी लागल्या होत्या.

एकास एक. दोघं मास्तरांकडे बघू लागली.

मास्तरांचा निर्णय खरं तर केव्हाच झाला होता. बेकरीवाला पुढे पळायचा ते खरं, पण मागे राहिलेलं खिंडार दुसऱ्यालाच बुजवावं लागायचं. रेफरी म्हणून त्यांनी दोघांचे सामने अगदी जवळून पाहिले होते, आणि मनात दादांचं नाव कसलीही खळखळ न करता आलं होतं. पण त्याच्यामागोमाग न्हाव्याच्या दुकानातला हशाही आला. आयुष्यभर जपलेलं नाव एका जागेपायी लोकांच्या तोंडी जाणार होतं.

"बेकरीवाला," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

दादांना आपणच सांगायचं, एवढी लाज मास्तरांनी ठेवली. ते गेले तेव्हा पुढच्या खोलीत दादा मशीनवर वाकले होते. सैल पडलेला पट्टा बदलून चिंधीवर टाके घालून बघत होते. खुंटीवर क्लबचा जुना कोट लटकत होता. वहिनींनी त्याची बटणं काठाकडे सरकवून लावली होती, कारण दादांचं पोट आता कोटाचं ऐकत नव्हतं.

"दादा, तुझं नाव नाही आलं."

मशीन चालूच राहिलं. चिंधी संपली, टाके हवेत पडू लागले, तेव्हा दादांनी चाकावर हात ठेवला. "कोण?"

"बेकरीवाला."

दादांनी मान डोलावली. एकदा, मग पुन्हा एकदा. "चांगला होता तो. पळायचा. मला कुठे तसं पळता यायचं? आणि तू बसला होतास म्हणजे तोलूनमापूनच झालं असणार." मग आतल्या खोलीकडे बघून हळूच म्हणाले, "तुझ्या वहिनीला मी सांगतो. तू नको सांगूस, ती भांडेल."

पण वहिनींनी ऐकलंच होतं. मास्तर निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "भावोजी, एकच विचारते. हे खरंच कमी पडत होते का?"

"समितीत मतं पडली, वहिनी," मास्तर म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरी चपला घालताना त्यांनी वहिनींकडे पाहिलं नाही.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. "अहो, काय होतंय?" बायकोने विचारलं. "पित्त," ते म्हणाले. सकाळी उठले ते ठरवूनच. बाईंना गाठायचं, चूक झाली म्हणायचं, नाव बदलून घ्यायचं. काय व्हायचं ते होवो.

बाई मैदानावर मुलींना पळवत होत्या. मास्तरांचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, काल संध्याकाळीच मी स्वतः बेकरीत जाऊन सांगून आले. तुम्हाला बोलायचं असेल तर तुम्हीच जा आता. माझ्या तोंडून ते निघायचं नाही."

मास्तर बेकरीत गेले. भट्टीचा ऊबदार वास दारातच भेटला. बेकरीवाला बायको गेल्यापासून घुमा झाला होता. गिऱ्हाइकाच्या हातात पाव ठेवायचा आणि पाठ फिरवायचा. आज तो काउंटरच्या बाहेर धावत आला. पिठाच्या हातांनीच त्याने मास्तरांचे दोन्ही हात धरले.

"मास्तर, मला वाटलं बाई थट्टा करतायत! खिळा असताना मी? मी मुलीला फोन केला. ती येतेय, एवढ्या लांबून. म्हणाली, बाबा, किती दिवसांनी तुमचा आवाज असा ऐकला." त्याचे डोळे भरून आले. "दुसऱ्या कुणी निवडलं असतं तर शंका आली असती. पण तुम्ही भावाला बाजूला ठेवून निवडलंत, म्हणजे मी खरंच होतो कुणीतरी."

एक चूक दुरुस्त करायला दुसरी करावी लागणार होती, आणि तीही या माणसाच्या तोंडचा घास काढून. बेकरीवाल्याने बिस्किटांचा पुडा हातात कोंबला. तो घेऊन मास्तर बाहेर पडले. कोटाच्या बाह्यांवर पिठाचे ठसे उमटले होते, ते त्यांनी झटकले नाहीत.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरून गेलं. दादा आले होते. कोट घातला नव्हता, साधा शर्ट होता, पण इस्त्रीचा. बेकरीवाल्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याची मुलगी उभी राहून टाळ्या वाजवू लागली, आणि दादाही उभे राहिले. शेवटी अध्यक्षांनी मास्तरांचं कौतुक सुरू केलं. सख्खा भाऊ दारात उभा असताना ज्याने तराजू हलू दिला नाही, असा माणूस आपल्यात आहे, वगैरे वगैरे. सभागृह दणाणलं. मास्तर व्यासपीठावर मान खाली घालून बसले. लोकांना तो विनय वाटला. ज्या नावासाठी हे सगळं केलं ते नाव आता त्यांच्या पदरात पडत होतं, आणि ते घेताना चोरीचा माल घेतल्यासारखं वाटत होतं. त्यांनी एकदाच वर पाहिलं. सगळ्यात जोरात टाळ्या दादा वाजवत होते.

परतीच्या वाटेवर दोघंच होते. दुकानं बंद होत होती, शटर खाली ओढल्याचे आवाज येत होते. मास्तरांना राहवलं नाही.

"दादा, निर्णायक मत माझं होतं. आणि जागा तुझी होती. लोक काय म्हणतील म्हणून मी तुझं नाव घेतलं नाही."

दादा थांबले. "म्हणजे मी होतो?"

"तूच होतास."

क्षणभर दादांचा चेहरा उजळला. तो उजेड मास्तरांनी पाहिला, आणि तो विझतानाही पाहिला.

"मग मला कशाला सांगतोस?" दादा म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "इतके दिवस मी माझी समजूत घालत होतो की आपण कमी पडलो. सोपं नव्हतं ते. पण जमलं होतं मला. आज टाळ्या वाजवल्या त्या खऱ्या होत्या माझ्या. तुला झोप येईना म्हणून तू मला उठवलंस."

"मी सगळ्यांना सांगतो. उद्याच क्लबात उभा राहून..."

"गप. त्या बेकरीवाल्याची पोर आलीय ना एवढ्या लांबून? खबरदार कुणाला सांगशील तर. तुझ्या वहिनीलाही नाही." आणि दादा भराभर पुढे निघून गेले. गुडघ्यामुळे त्यांना तसं चालवत नसे, तरी चालले.

त्यानंतर दादा मास्तरांकडे यायचे थांबले. मास्तर गेले की हातात मशीन असायचं, तोंडात स्क्रू असायचा आणि बोलणं त्या स्क्रूमागेच अडकायचं. चष्मेवाल्याने एकदा दुकानात मास्तरांचा नंबर तपासता तपासता म्हटलं, "तुझं खरं मत मला त्याच दिवशी कळलं होतं. रेफरी शिट्टी वाजवण्याआधी गर्दीकडे बघायला लागला की गोलकीपरला कळतं." काचेवरची अक्षरं मास्तरांना दिसत नव्हती, आणि त्याला फक्त नंबर कारण नव्हता.

त्यांनी रेफरीचं काम सोडलं. बाईंनी कारण विचारलं तेव्हा पायाचं निमित्त सांगितलं.

थंडी सरली. एका दुपारी दार वाजलं. दादा उभे होते, घामाने डबडबलेले.

"माझा राग गेलेला नाही," आत येऊन बसत ते म्हणाले. "पण मी येत का नाही, असं तुझी वहिनी रोज विचारते. खोटं तरी किती बोलू? चहा टाक."

मास्तरांनी चहा टाकला. दादांनी बशीत ओतून प्यायला. मग बशी खाली ठेवत दादांनी खिडकीकडे बघत विचारलं, "मी त्याच्यापेक्षा कितीसा बरा होतो रे?"

"थोडासा."

"थोडासाच?"

"बराच," मास्तर म्हणाले. "पुढे जाण्यात तो सरस. पण बचावात तुझ्या जवळपास कुणी नव्हतं."

दादांनी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. "हे खरं सांगतोयस की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरं सांगतोय, दादा."

दादांनी लगेच मान डोलावली नाही. थोडा वेळ विचार केला, मग "असेल," म्हणाले आणि अजून अर्धा कप चहा मागितला.