लाल रेघेच्या हातभर खाली

मी डोंगरातल्या नदीवरच्या पुलाला ठोकलेली पट्टी बोलतेय. अंगभर आकडे आणि वरच्या बाजूला एक लाल रेघ. पाणी रेघेला टेकलं की भोंगा वाजवायचा आणि काठावरची घरं रिकामी करायची, एवढ्यासाठीच माझा जन्म. सगळं कसं सरळ होतं. गोंधळ नंतर झाला.

मला रोज वाचायचे ते मोजणीदार. चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत बसणारे. त्यांची थोरली बहीण काठावरच राहायची, शिवणकाम करायची. पाऊस लागला की खिडकीतून ओरडायची, "बंड्या, किती राहिलं रे?" निवृत्तीला आलेला बंड्या पुलावरून ओरडायचा, "दोन हात खाली आहे, ताई! शिव तू निवांत!"

मग वर डोंगरात रस्ता रुंद करायला घेतला. उतारावरची झाडं गेली, फोडलेले दगड आणि माती सरळ नदीत लोटली. माझे खालचे आकडे एकेक करून गाळात गेले. पाऊस पूर्वीइतकाच, पण पाणी उठसूट रेघेला टेकायला लागलं. दर वेळी भोंगा, दर वेळी घरं रिकामी, आणि पाणी पायरीपर्यंत येऊन माघारी. लोक वैतागले. मलाही कळेना, नदी वाढली की मीच खचले?

साहेब आले. म्हणाले, "पट्टी हातभर वर घ्या."

मोजणीदार चाचरत म्हणाले, "साहेब, नदीचा तळ वर आलाय. काठ कुठे वर आलाय?"

"तुमचं काम वाचायचं ना? वाचा."

मला उचलून हातभर वर ठोकलं. भोंगा गप्प झाला. सगळ्यांना बरं वाटलं. खरं सांगते, मलाही वाटलं.

यंदा एका दुपारी पाऊस बेताचाच होता. पाणी मात्र मातकट, दगड गडगडवत आलं.

"बंड्या, किती?"

"हातभर खाली!"

मी बरोबर दाखवलं, त्यांनी बरोबर वाचलं. तरी पाणी ताईच्या उंबऱ्यावरून आत शिरलं. मोजणीदार छत्री टाकून धावले. बहिणीला पाठीवर घेऊन बाहेर आले, तेव्हा तिच्या मुठीत अर्धवट शिवलेलं झबलं होतं. शिलाई मशीन वाहून गेलं.

"हातभर खाली म्हणालास ना रे?" ती पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होती.

आता ते मला वाचतात, वहीत लिहितात आणि मग खाली उतरून ताईच्या रिकाम्या घराचा उंबरा बघून येतात. भोंगा वाजवायचा की नाही, ते उंबऱ्यावरून ठरतं. मी खोटं बोलले नव्हते. की बोलले? मला फार वाईट वाटतं.

बाबांनो, मला वर-खाली करू नका. आधी नदीतले ते दगड-माती काढा. माझं शून्य त्याखाली आहे.